पाळक ओबरलिन व त्यांच्या पाच गावांच्या शाळा

खेड्यातली शाळा कोणाची? मिशनची, सरकारची, की गावाची? हा प्रश्न जुना आहे. ज्या गावाने त्याचे उत्तर कधी दिलेच नाही, त्या गावच्या शाळेचे छप्पर गळत राहते, पंतोजी वारंवार गैरहजर राहतात आणि मुले गुरांमागे जातात. आणि कोणास त्याचे दुःखही वाटत नाही, कारण ती वस्तू कोणाचीच नसते. फ्रान्स देशाच्या पूर्व सीमेवरील एका दरिद्री डोंगरी खोऱ्यात एका पाळकाने आपल्या आयुष्याची ५९ वर्षे वेचून ह्या प्रश्नाचे उत्तर दिले. त्यांचे नाव योहान फ्रेडरिक ओबरलिन. त्यांनी मोठ्या शहरात कधी पाळकपण केले नाही, की कोणते मोठे पद भूषविले नाही. तरी त्यांच्या निधनास सुमारे २०० वर्षे झाली असताही शिक्षणाचा इतिहास लिहिणारे त्यांचे नाव आदराने घेतात. खेड्यांतील आपल्या मंडळ्यांस, व विशेषेकरून ज्यांच्या एका हाती पवित्र शास्त्र व दुसऱ्या हाती मुलांची पाटी असते अशा उपदेशक बंधुभगिनींस, हे चरित्र ठाऊक असावे म्हणून ते येथे थोडक्यात देत आहो.

अल्सास प्रांतात स्ट्रासबर्ग शहराच्या नैर्ऋत्येस व्होझ नावाच्या पर्वताच्या रांगा आहेत. त्या डोंगरांत ब्रूश नदीच्या खोऱ्यालगत बाँ द ला रोश नावाचा लहानसा मुलूख आहे. जर्मन भाषेत त्याला श्टाइनताल, म्हणजे दगडांचे खोरे, असे म्हणतात. नाव जसे तशीच भूमी. सभोवार डोंगर, त्यांतील एक तर १,०९९ मीटर उंचीचा. हिवाळा लांब व कडक, माती पातळ, आणि उतारावरून पावसाने वाहून जाणारी. तेथील वाल्डर्सबाखच्या मंडळीत पाच गावे मोडत: वाल्डर्सबाख, बेल्मों, बेल्फोस, फूदे व सोल्बाख. लोक प्रॉटेस्टंट असून फ्रेंच भाषेची एक डोंगरी बोली बोलत. सन १६१८ ते १६४८ पर्यंत चाललेल्या तीस वर्षांच्या युद्धाने हा मुलूख पार उजाड करून टाकला होता व त्या तडाख्यातून तो पुरता सावरला नव्हता. त्यात जहागीरदाराची वेठबिगार डोक्यावर, आणि रानाच्या हक्कांवरून त्याच्याशी चाललेला खटला पिढ्यान्‌पिढ्या मिटेना. बाहेरच्या जगाशी जोडणारी धड वाट नव्हती. त्यामुळे पिकले तरी विकावे कोठे, अशी अडचण. आणि पिकेही थोडेच.

अशा ठिकाणी सन १७५० मध्ये योहान गेओर्ग श्टूबर नावाचे तरुण पाळक आले. ओबरलिन ह्यांच्या कार्याचा पाया ह्यांनी घातला, म्हणून त्यांची हकीकत आधी सांगितली पाहिजे. त्यांनी येताच शाळा पाहण्याची इच्छा दर्शविली. लोकांनी त्यांस एका मोडक्या खोपटात नेले. तेथे पुष्कळ मुले दाटीवाटीने बसून गलका करीत होती, आणि कोपऱ्यात खाटेवर एक जख्ख म्हातारा पडला होता. तोच पंतोजी. विचारपूस करता असे कळले की, तो पूर्वी गावची डुकरे राखीत असे. वयामुळे ते काम झेपेना, म्हणून गावाने त्यास मुले राखावयास बसविले. त्यास स्वतःलाच काही येत नव्हते, तेव्हा तो शिकविणार काय? ही गोष्ट ऐकून आपणांस हसू येते. परंतु ती हसण्याची नव्हे. डुकरे राखणे हे काम जसे धडधाकट माणसाचे, तसे मुले राखणे हे निकामी माणसाचे, असा त्या गावाचा हिशेब होता. गाव आपल्या पंतोजीस जी किंमत देते, तीच किंमत ते आपल्या मुलांस देत असते.

श्टूबर ह्यांनी चांगल्या घरांतील तरुणांस पंतोजी होण्याविषयी विनविले, तेव्हा आईबापांनी साफ नाकारले. त्या धंद्याचे नावच इतके हलके झाले होते की, आपल्या मुलास ते चिकटावे असे कोणासही वाटेना. तेव्हा पाळकांनी एक युक्ती काढली. त्यांनी ते जुने नावच टाकून दिले व शिक्षकांस अधिकाऱ्यास शोभेल असा नवा किताब दिला. मग होतकरू तरुण पुढे आले. श्टूबर ह्यांनी त्यांस स्वतः शिकविले, वाचनाची सोपी पद्धत बसवून मुळाक्षरांचे पुस्तक तयार केले, चार स्वरांत गीते गाण्यास लाविले आणि वाचावयास घरी नेता येतील अशा पुस्तकांचा संग्रह उभा केला. मुलांस झरझर वाचता येऊ लागलेले पाहून थोरांसही लाज वाटली व तेही शिकण्यास येऊ लागले. मध्यंतरी काही वर्षे श्टूबर दुसऱ्या ठिकाणी गेले होते. पुनः परत येऊन त्यांनी सन १७६७ पर्यंत हे काम चालविले. त्या वर्षी त्यांस स्ट्रासबर्ग येथे बोलावणे आले. आपल्यामागे हे खोरे कोणाच्या हाती द्यावे, ह्या चिंतेत ते एका तरुणाच्या बिऱ्हाडी गेले. तो तरुण म्हणजे ओबरलिन.

ओबरलिन ह्यांचा जन्म स्ट्रासबर्ग येथे ३१ ऑगस्ट १७४० रोजी झाला. त्यांचे वडील तेथील प्रॉटेस्टंट विद्यालयात शिक्षक होते. घरात मुले पुष्कळ व पैसा बेताचा, परंतु विद्येची आवड दांडगी. वडील बंधू जेरेमी जाकोब हे पुढे मोठे भाषापंडित म्हणून नावारूपास आले. योहान फ्रेडरिक ह्यांनी विद्यापीठात ईश्वरज्ञानाचा अभ्यास केला, आणि पुढे एका नामांकित शस्त्रवैद्याच्या घरी मुलांचे शिक्षक म्हणून राहिले. तेथे त्यांस औषधोपचार व वनस्पती ह्यांचे जे ज्ञान मिळाले, ते पुढे डोंगरांतील आजाऱ्यांस फार उपयोगी पडले. श्टूबर भेटीस आले तेव्हा ते माडीवरच्या एका लहान खोलीत राहत होते. खोलीतले सामान अगदी मोजके होते, आणि बिछान्याला पडद्याच्या जागी कागद लाविले होते. श्टूबर ह्यांनी ओळखले की, ज्याला इतक्यात भागविता येते तो दगडांच्या खोऱ्यात टिकेल. त्या समयी ओबरलिन ह्यांस एका पलटणीत पाळकाची जागा मिळण्याजोगी होती. ती सोडून मार्च १७६७ मध्ये वयाच्या २६ व्या वर्षी ते वाल्डर्सबाखला आले. पुढल्या वर्षी त्यांचे लग्न झाले. त्यांची पत्नी मारी सालोमे ही सुशिक्षित असून सेवेत त्यांची पुरी भागीदारीण झाली.

वाचकांस वाटेल की, असा पाळक मिळाल्याबद्दल लोक आनंदले असतील. तसे झाले नाही. श्टूबर ह्यांनी पेरलेले बी काही घरांत रुजले होते, परंतु पुष्कळांस जुनी रीतच गोड वाटे. हा शहरी पाळक आपणांस नवे नवे उपद्व्याप करावयास लावणार, असे पाहून काही जणांनी त्यांस एकांतात गाठून चोप देण्याचा बेत केला, असे चरित्रकार सांगतात. ओबरलिन ह्यांस बेताचा सुगावा लागला. त्या रविवारी त्यांनी अन्याय सोसण्याविषयी ख्रिस्ताने दिलेल्या शिकवणीवर उपदेश केला, आणि उपासना आटोपताच ती मंडळी ज्या घरी दबा धरून बसली होती त्याच घरी ते एकटे, नि:शस्त्र जाऊन उभे राहिले. त्यांनी आपणांस त्यांच्या स्वाधीन केले. मग हात उगारण्याचे धैर्य कोणास झाले नाही; उलट लोकांनी क्षमा मागितली.

आता शाळेचे घर बांधावयाचे होते. जुने लाकडी घर पडायला आले होते. परंतु नव्या घराचे नाव काढताच गावकऱ्यांनी कानांवर हात ठेविले. आज बांधाल आणि उद्या डागडुजीचा भार आमच्यावर घालाल, हे त्यांचे भय होते, आणि गरिबाच्या पोटातले हे भय खोटे म्हणता येत नाही. ओबरलिन ह्यांनी स्ट्रासबर्गच्या स्नेह्यांकडून वर्गणी जमविली, उरलेल्या रकमेची हमी स्वतः घेतली, आणि गावावर बोजा पडणार नाही असे वचन दिले. वाल्डर्सबाखची शाळा उभी राहिली. तिचा उपयोग डोळ्यांनी दिसला, तेव्हा इतर चार गावांची वृत्ती पालटली. थोड्या वर्षांत एकामागून एक सर्व गावांस आपली शाळा असावी असे वाटू लागले, आणि लोक आपण होऊन दगड, लाकूड व अंगमेहनत देऊ लागले. पहिली शाळा पाळकाने गावासाठी बांधली. पुढच्या शाळा गावांनी आपणांसाठी बांधल्या. ह्या दोहोंमधला फरक हाच ह्या चरित्राचा गाभा होय.

शाळा चालू झाली, तरी तीत न येणारी एक जात राहिलीच होती; ती म्हणजे अगदी लहान मुले. आईबाप शेतावर गेले म्हणजे ती उन्हातान्हात, चिखलात, विस्तवाजवळ एकटी राहत. बेल्मों गावात सारा बॅन्झेट नावाची एक शेतकऱ्याची मुलगी होती. ती आपल्या घरच्या शेकोटीजवळ शेजारची मुले गोळा करी, आणि त्यांस विणकाम शिकवीत शिकवीत गोष्टी सांगे. ओबरलिन ह्यांस हे दिसले. तिच्या वडिलांस हा रिकामा उद्योग वाटत होता. परंतु ओबरलिन ह्यांनी त्यांची समजूत घातली आणि सन १७६९ च्या सुमारास तिला रीतसर ह्या कामावर नेमिले. पुढे त्यांनी पाचही गावांत अशा स्त्रिया नेमिल्या, त्यांस मुलांच्या वाटाड्या असे नाव दिले, आणि त्यांस पगार मिळेल अशी व्यवस्था केली. सारा सन १७७४ मध्ये ऐन तारुण्यात वारली, परंतु तिने पेटविलेली शेकोटी विझली नाही. आज आपण ज्यांस बालवाडी म्हणतो, तशा शाळांचा हा युरोपातील एक आरंभ होय. ब्रिटनचे प्रसिद्ध रॉबर्ट ओवेन ह्यांची बालशाळा सन १८१६ मध्ये निघाली, आणि जर्मनीच्या फ्रोबेल ह्यांनी आपल्या शाळेस किंडरगार्टन हे नाव सन १८४० मध्ये दिले. ही डोंगरातील शेकोटी त्यांच्या कितीतरी आधीची आहे.

ह्या शाळांत काय शिकवीत, हे उपदेशकांनी लक्षात घेण्याजोगे आहे. लहान मुलांस प्रथम सूत कातणे, विणणे व शिवणे. मधून मधून खेळ व गाणी. आणि हात चालू असता पवित्र शास्त्रातील गोष्टी चित्रे दाखवून सांगत. त्यांस रानात नेऊन झाडे व फुले ओळखावयास लावीत. खाण्याजोगे कोणते व विषारी कोणते, हे मुलास कळे. मोठ्या मुलांस वाचन, लेखन, हिशेब, भूगोल, थोडे ज्योतिष, शेतीची तत्त्वे व कलमे बांधणे. भूगोल शिकविताना आरंभ परदेशापासून नव्हे, तर आपल्या गावापासून करीत: आधी गावचा ओढा व डोंगर, मग शेजारची गावे, मग प्रांत, मग देश, मग जग. जे मुलाच्या पायाखाली आहे त्यापासून निघावे आणि जे दूर आहे तेथपर्यंत जावे, ही त्यांची रीत होती. रविवारी मुले उपासनामंदिरात जमून गीते गात व शिकलेले धडे म्हणून दाखवीत. पाच गावांच्या शाळांस वेळोवेळी एकत्र आणून त्यांची परीक्षा घेत व बक्षिसे देत; त्यामुळे गावागावांत चढाओढ लागे, पण ती भांडणाची नव्हे. पुस्तकांचा संग्रहही गावोगाव फिरता ठेविला होता.

आणखी एक नियम होता. दृढीकरणासाठी तयारी करणाऱ्या प्रत्येक मुलामुलीने आपल्या हाताने दोन झाडे लाविली आहेत, असा दाखला आणावा लागे. ज्ञान डोक्यात, भक्ती अंतःकरणात आणि माती हातात, ही तिन्ही एकाच माणसाची अंगे आहेत, असे ओबरलिन मानीत. ज्याने झाड लाविले तो ते वाढेपर्यंत गावाचा विचार करतो. अशा रीतीने उघड्या टेकड्यांवर हळूहळू फळझाडे उभी राहिली.

येथे एक गोष्ट विचारपूर्वक सांगितली पाहिजे. ओबरलिन ह्यांनी शाळेत डोंगरी बोलीच्या जागी शुद्ध फ्रेंच भाषा आणिली. कारण असे की, त्या बोलीत छापलेले पुस्तक नव्हते, आणि फ्रेंच आल्यावाचून मुलांस बाहेरच्या जगाचे दार उघडत नव्हते. त्यांच्या बंधूंनी मात्र त्याच बोलीचा अभ्यास करून सन १७७५ मध्ये तिजवर निबंध प्रसिद्ध केला. ती बोली पुढे मावळत गेली, त्यामुळे हा निबंध आज मोलाचा झाला आहे. घरची भाषा तुच्छ न मानता मुलास मोठ्या भाषेत कसे न्यावे, हा प्रश्न आजही शिक्षकांपुढे आहे. कोकणी, भिल्ली, कोरकू किंवा वारली बोलणाऱ्या मुलांस ज्यांनी मराठी शिकविले आहे, त्यांस तो चांगला ठाऊक आहे. ओबरलिन ह्यांनी दार उघडले हे बरेच झाले. मागचे घर मोडू नये, हे आपण त्यांच्या अनुभवावरून शिकावे.

शाळा पोटाशी जोडल्यावाचून टिकत नाही, हेही त्यांनी ओळखिले होते. उपाशी बाप मुलास शाळेत न पाठविता रानात पाठवितो. म्हणून शाळेबरोबरच त्यांनी वाटेचे काम हाती घेतले. स्ट्रासबर्गच्या सडकेपर्यंत जाण्यास खडक फोडून रस्ता करावा व ब्रूश नदीवर पूल बांधावा, असे त्यांनी सुचविले, तेव्हा लोकांनी ते अशक्य म्हणून सोडून दिले. ओबरलिन ह्यांनी स्वतः कुदळ खांद्यावर घेतली व एका सोबत्यासह कामास लागले. आपला पाळक दगड फोडतो आहे हे पाहून लोकांस घरी बसवेना. रस्ता झाला, पूलही झाला. त्या पुलास प्रीतीचा पूल असे नाव पडले. उपदेशपीठावरून जे सांगून झाले नसते, ते कुदळीने सांगून झाले.

पुढे त्यांनी बटाट्याचे नवे बियाणे बाहेरून आणविले, कारण जुने बी हिणकस होऊन पीक घटले होते. चाऱ्याची पिके व जवस पेरावयास लाविले, खत साठविण्याची रीत शिकविली. परंतु शहरी पाळकाचे शेतीचे सांगणे शेतकरी ऐकतो काय? म्हणून त्यांनी तोंडाने थोडे सांगितले. पाळकाच्या वतनाच्या दोन बागा पायवाटेला लागून होत्या. गावचे लोक रोज तेथून जात. त्यांत त्यांनी चर खणून, चांगली माती भरून फळझाडे लाविली. झाडे फोफावलेली पाहून लोक आपण होऊन विचारू लागले. सन १७७८ मध्ये त्यांनी गावकऱ्यांची शेतकी मंडळी स्थापिली. शेतीची अवजारे खरेदीच्या भावाने व सवडीने पैसे फेडण्याच्या बोलीवर मिळावी म्हणून भांडार काढिले. गरजूंसाठी कर्जाचा फंड केला, आणि ठरल्या दिवशी परतफेड करण्याची शिस्त लाविली. होतकरू मुलांस सुतार, गवंडी, लोहार असे धंदे शिकावयास स्ट्रासबर्गला पाठविले, म्हणजे पैसा गावाबाहेर न जाता गावातच फिरू लागला.

ह्या सर्वांस पैसा कोठून आला? स्नेह्यांनी दिला, हे खरे. परंतु आधी त्यांनी स्वतः दिला. मोशेच्या नियमशास्त्रातील दशांशाच्या आज्ञा वाचून ते आपल्या तुटपुंज्या उत्पन्नाचे एक नव्हे, तर तीन दशांश बाजूस काढीत: एक देवाच्या उपासनेच्या व शाळांच्या कामी, दुसरा रस्ते व इतर लोकोपयोगी कामे ह्यांसाठी, व तिसरा गरिबांसाठी. आपल्यातील पुष्कळांस एक दशांशही जड वाटतो; म्हणून ही गोष्ट येथे मुद्दाम लिहिली आहे.

दु:खे त्यांच्याही दारी आली. सन १७८३ मध्ये त्यांची पत्नी वारली, मागे लहान लहान मुले ठेवून. त्या वेळी लुईझा शेप्लर नावाची बेल्फोस गावची मुलगी त्यांच्या घरी कामास होती. ती सन १७७९ मध्ये, सुमारे १५ वर्षांची असता तेथे आली होती आणि बालशाळेतही शिकवीत असे. तिने घराचा सारा भार उचलिला. पुढे तिने पगार घेण्याचे नाकारून, आपणांस मुलीप्रमाणे मानावे एवढीच विनंती केली, व ती मान्य झाली. वर्षानुवर्षे बर्फातून गावोगाव फिरून ती लहान मुलांस शिकवीत राहिली. जन्माने शेतकरी, शिक्षण बालपणी गावच्या शाळेत झालेले तेवढेच. परंतु शिक्षिका म्हणून तिची बरोबरी करणारे थोडे. गावच्या शाळेने गावासाठीच एक शिक्षिका निर्माण केली. शाळेची याहून मोठी परीक्षा कोणती?

सन १७८९ मध्ये फ्रान्स देशात राज्यक्रांती झाली. काही काळाने उपासना बंद पडल्या, पाळकांचे वेतन बुडाले, आणि पुष्कळांस तुरुंग पाहावा लागला. ओबरलिन ह्यांचा थोरला मुलगा सन १७९३ मध्ये लढाईत पडला. मंडळी विखुरली जाऊ नये म्हणून त्यांनी नव्या कायद्यास धरून नागरिकांच्या सभा भरविल्या, व तेथे लोकांस सन्मार्गाचा बोध चालू ठेविला. घरी काही विद्यार्थी ठेवून ते आपला निर्वाह करीत. सन १७९४ च्या जुलै महिन्यात त्यांसही पकडून नेले. परंतु लवकरच रोबेस्पिएर ह्याची सत्ता उलथली व ते सुटून आले. आश्चर्य असे की, त्याच वर्षी पॅरिसच्या राष्ट्रीय सभेने, दूरच्या डोंगरात फ्रेंच भाषेचे शिक्षण पसरविल्याबद्दल त्यांचा सन्मानपूर्वक उल्लेख केला. ज्यांनी उपासनामंदिराचे दार लाविले, त्यांसही शाळेचे दार लाववेना.

उतारवयात त्यांनी आपल्या श्रमाचे फळ पाहिले. रानाच्या हक्कांचा पिढीजात खटला त्यांच्या मध्यस्थीने सन १८१३ मध्ये मिटला. त्याच सुमारास बाझेल शहराच्या लग्राँ घराण्याने आपला फिती विणण्याचा कारखाना फूदे येथे आणिला, आणि शेतकऱ्यांस घरबसल्या मागावर काम मिळू लागले. त्या घराण्यातील दानिएल लग्राँ ह्यांनी पुढे कारखान्यांतील मुलांचे व मजुरांचे हाल थांबविणारे कायदे सर्व राष्ट्रांनी मिळून करावे, म्हणून आयुष्यभर खटपट केली. सन १८१८ मध्ये पॅरिसच्या शेतकी संस्थेने ओबरलिन ह्यांस सुवर्णपदक दिले, व पुढल्या वर्षी राजाने त्यांस लीजन ऑफ ऑनर हा मान दिला. लंडनच्या बायबल सोसायटीशीही त्यांचा आरंभापासून पत्रव्यवहार होता, आणि त्यांच्या घरून पवित्र शास्त्राच्या प्रती दूरदूर जात. परंतु त्यांस सर्वांत प्रिय असलेला मान निराळाच होता: खोऱ्यातील लहानथोर सारे त्यांस बाबा म्हणत. जे एके काळी त्यांस मारावयास टपले होते, त्यांचीच नातवंडे त्यांच्या अंगाखांद्यावर खेळत.

१ जून १८२६ रोजी, वयाच्या ८५ व्या वर्षी, वाल्डर्सबाख येथे ते प्रभूमध्ये झोपी गेले. पाचही गावांचे लोक, शाळांची मुले, आणि आसपासचे रोमन कॅथोलिक शेजारीसुद्धा, त्यांच्या प्रेतयात्रेस आले. फूदे येथील कबरस्थानात त्यांस पुरले. त्यांच्या कबरेवरील क्रूसावर बाबा ओबरलिन एवढेच शब्द आहेत. लुईझा शेप्लर हीस सन १८२९ मध्ये फ्रेंच विद्वत्सभेने सद्गुणाबद्दलचे ५,००० फ्रँकांचे बक्षीस दिले, व प्रसिद्ध शास्त्रज्ञ क्युव्हिए ह्यांनी तिचे कार्य सभेपुढे वर्णिले. तो पैसा तिने स्वतःसाठी न ठेवता परोपकारास लाविला. ती सन १८३७ मध्ये वारली.

ओबरलिन वारले त्याच वर्षी पॅरिस शहरात लहान मुलांची पहिली आश्रयशाळा निघाली, आणि सन १८८१ पासून फ्रान्सने तशा शाळांस सार्वजनिक शिक्षणात कायमचे स्थान दिले. अमेरिकेत सन १८३३ मध्ये स्थापन झालेल्या एका विद्यालयास त्यांचे नाव ठेविले; त्याने लवकरच काळ्या विद्यार्थ्यांस व स्त्रियांस आपली दारे उघडिली, आणि ते अद्याप चालू आहे. वाल्डर्सबाख येथे ओबरलिन ह्यांच्या नावाचे संग्रहालय आहे, व तेथे त्यांनी मुलांस शिकविण्यासाठी वापरलेल्या वस्तू जपून ठेविल्या आहेत.

प्रिय वाचकहो, ह्या चरित्रापासून आपण काय घ्यावे? पूर्वी आपल्या मराठी मुलखात बहुत ठिकाणी मिशनचा उपदेशक तोच शाळामास्तर असे. आता गावोगाव जिल्हा परिषदेच्या शाळा व अंगणवाड्या आहेत, आणि त्यांचा खर्च सरकार चालविते. म्हणून आपले काम संपले असे कोणी समजू नये. इमारत सरकारला बांधता येते, वेतन सरकारला देता येते. परंतु शिक्षकास मान देणे, मूल रोज शाळेत पाठविणे, मुलीस मुलाइतकेच शिकविणे, आणि शाळा आपली मानून तिची काळजी वाहणे, ही कामे गावानेच करावयाची आहेत. वाल्डर्सबाखच्या लोकांजवळ आपल्यापेक्षा अधिक काही नव्हते. त्यांच्याजवळही थोडी जमीन, थोडे धान्य आणि पुष्कळ भय होते. ते भय एका माणसाच्या कुदळीने, दोन बागांनी आणि एका शेतकऱ्याच्या मुलीच्या शेकोटीने घालविले.

उपदेशक बंधूंनो व भगिनींनो, आपल्या लहान गावातील काम कोणास दिसत नाही म्हणून आपले मन कधी कधी खचते. ओबरलिन ह्यांचे कामही पुष्कळ वर्षे कोणास दिसले नाही. त्यांनी मोठे क्षेत्र मागितले नाही. जे पाच गावांचे क्षेत्र प्रभूने दिले, तेच त्यांनी खोल नांगरले. आपल्या मंडळीत ह्या वर्षी दृढीकरण घेणारी मुले असतील, तर प्रत्येकाकडून दोन झाडे लाववून आरंभ करावा. शाळेच्या भिंतीस भेग पडली असेल, तर अर्ज अवश्य लिहावा, पण त्याबरोबर मातीचे घमेलेही उचलावे. आणि ज्या बाई किंवा गुरुजी आपल्या मुलांस शिकवितात, त्यांस रस्त्यात भेटताच आपण आधी नमस्कार करावा, म्हणजे आपली मुले तो पाहतील. ज्याने लहान बालकांस आपणांजवळ बोलाविले, तो प्रभू आपल्या गावांच्या शाळांस आशीर्वाद देवो, आणि त्या शाळा आपल्या आहेत हे ओळखण्याची बुद्धी आपणां सर्वांस देवो.